फुकट भूल देण्याची पूर्वतयारी

युगांडातल्या एका शस्त्रक्रिया शिबिरात १२ दिवस विनामूल्य भूल द्यायला मी होकार दिला, ही माझी चूक. पंचवीस वर्षं पैसे घेऊन भूल देत आलो, तेव्हा माझ्या चारित्र्याची कुणाला पडली नव्हती. फुकट देतो म्हटल्यावर संशय आला. आपल्याविरुद्ध तक्रार नाही असा ‘गुड स्टँडिंग’चा दाखला मागण्यात आला. तो मिळवायला मी तीन तास रांगेत उभा होतो, त्यामुळे दाखल्यातला मजकूर निदान खरा आहे.

मग पिवळ्या तापाची लस. ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच जावं लागतं. कुपी एकदा तयार केली की सहा तासांत संपवायची असते, म्हणून पुरेशी माणसं जमेपर्यंत थांबवतात. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, तसंच. माझ्या शेजारी आफ्रिकेत बोअरवेल मारायला निघालेले एक गृहस्थ होते. त्यांना तिथे पगार होता. लस दोघांनाही सारखीच दुखली.

हिवतापाच्या गोळ्या दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यायच्या. म्हणजे १२ दिवसांच्या सेवेला ४२ गोळ्या. शिवाय गोळी घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दुपारच्या जेवणानंतर दुसरं काय करायचं असतं, हे पाकिटावर लिहिलेलं नाही.

नातेवाइकांचं सहकार्य आहेच. काका अजून १९७२ मधून बाहेर आलेले नाहीत. इदी अमीन भारतीयांना हाकलतो, एवढंच ते सांगतात. विमान एन्टेबीला उतरणार म्हटल्यावर ते १९७६ मध्ये आले आणि अपहरणाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. आत्याने विचारलं, “इथले पेशंट संपले का रे?” मावशीला फक्त वाघ दिसतील का एवढंच हवं होतं. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतात म्हटल्यावर, “मग जातोस कशाला?” बायको काही म्हणाली नाही. माळ्यावरची पेटी सहा वर्षांत खाली आली नाही, एवढंच तिने पेटीकडे बघून सांगितलं.

आधी जाऊन आलेल्या एका मित्राचा सल्ला असा की, लॅरिंगोस्कोपच्या पात्याला आपण ‘ब्लेड’ म्हणतो, तो शब्द विमानतळावर तोंडातून काढू नये. आता मी घरात ‘पातं’ म्हणण्याचा सराव करतोय. मुलगा विळी आणून देतो.

पण खरा वैताग सोसायटीचा. ‘डॉक्टर गरिबांसाठी औषधं नेतायत’ ही बातमी कुणी पसरवली ते कळलेलं नाही. देणगीची औषधं पोहोचल्यावर किमान वर्षभर तरी चालली पाहिजेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आमच्या सोसायटीचा दंडक वेगळा: वाया कशाला घालवायचं. पुढच्या महिन्यात संपणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले डोळ्यांचे थेंब आले. खोकल्याच्या औषधाच्या सात बाटल्या आल्या, सगळ्या अर्ध्या. एकीवर घरातल्या बाळाचं नाव आणि ‘झोपताना एक चमचा’ अजून तसंच आहे.

त्या सगळ्या बाटल्या मी पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीखाली ठेवल्या आहेत. ज्यांच्या त्यांनी ओळखून रविवारपर्यंत घेऊन जाव्यात, ही विनंती.