लंगोटाविना पैलवान

‘आयुष्य म्हणजे आखाडा’, असं हल्ली प्रेरणा-शिबिरांतले मार्गदर्शक वातानुकूलित सभागृहात कॉलरला माइक लावून सांगतात. कुस्तीकडून ध्येय गाठायला शिकायचं म्हणे. पडलात तर उठा, वगैरे. ऐकणाऱ्यांची निम्मी कुस्ती सकाळच्या गजराशीच, आणि तीही रोज चितपट.

कोल्हापूरच्या तालमीत पहाट अंधारातच होते. हौद्यातली लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस. ती खोऱ्यानं उकरायची, मग जोर-बैठका, मग लढत. नवख्या पोराच्या हाती आधी खोरं येतं, डाव नंतर. ‘तुझ्यात अपार क्षमता आहे’ असलं काही वस्ताद म्हणत नाहीत, मान दाबतात. रगडून रगडून कान मोडतात, त्यांच्या गाठी होतात. हे प्रमाणपत्र लॅमिनेट करावं लागत नाही.

खाशाबा जाधवांचं १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं कांस्यपदक हे मार्गदर्शक हमखास पडद्यावर दाखवतात. त्या प्रवासाच्या पैशांसाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून ते सोडवलं, ही पाटी मात्र गाळलेली. हप्त्यानं शिबिराची फी भरणाऱ्यांपुढे कर्जाचा विषय कोण काढणार?

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ परवा अशा शिबिरातून आले. धोबीपछाड, ढाक, कलाजंग, सगळं तोंडपाठ. ध्येय काय, तर वजन उतरवणं. खुराक लगेच सुरू झालाय. बदामाची थंडाई, वर तूप घातलेलं दूध. जोर सोमवारपासून.