पातळी काढण्याचं काम

"हा प्रोग्रॅम आपली पातळी बरोबर सांगतो का, तेवढं तपासून दे," टीम लीड म्हणाली. दुसऱ्याची पातळी काढायची आणि वर पगार घ्यायचा! हेच काम आम्ही सोसायटीच्या सभेत वर्षानुवर्षं फुकट करत आलोय.

प्रोग्रॅम चालताना जे पुटपुटतो त्याला लॉग म्हणतात. पायथॉनमध्ये या पुटपुटण्याच्या पाच पातळ्या असतात. "दूध गॅसवर ठेवलंय" हा डीबग, अंक 10. "दूध तापलंय" हा इन्फो, 20. "दूध वर आलंय" ही वॉर्निंग, 30. "दूध उतू गेलं" हा एरर, 40. "दूध उतू जाऊन गॅस विझलाय आणि वास येतोय" हे क्रिटिकल, 50. मध्ये जागा सोडली आहे ती हौशी लोकांना स्वतःच्या पातळ्या घुसवता याव्यात म्हणून. मी मुद्दाम विचारलं, 15 म्हणजे काय? प्रोग्रॅम शांतपणे म्हणाला, "लेव्हल 15." आमच्या एका क्लार्कसाहेबांची आठवण झाली. प्रश्नच पुन्हा म्हणून दाखवायचा आणि उत्तर दिल्याचं समाधान मिळवायचं.

बरं, अंकांवर भरवसा ठेवावा तर तेही घराण्यागणिक फिरतात. सिसलॉगमध्ये 0 म्हणजे आणीबाणी आणि 7 म्हणजे डीबग. म्हणजे तिथे वर्गातला नंबर मोजतात आणि पायथॉनमध्ये गुण. जावाचं जुनं लॉगिंग 1000 पर्यंत चढतं आणि खाली फाइन, फायनर, फायनेस्ट असं उतरतं. त्याचा बरेपणाशी काही संबंध नाही. गिरणीवाल्याला आपण सांगतो ना, बारीक, आणखी बारीक, अगदी बारीक, तसलं ते दळण.

असो. मी चाचणी लिहिली: नव्या लॉगरला पातळी विचारायची, उत्तर 30 यायला हवं. आलं शून्य. चाचणी नापास! मी आनंदानं शेजारच्या पोराला हाक मारली. तो स्क्रीनकडे न बघताच म्हणाला, "सर, शून्य म्हणजे त्याचं स्वतःचं असं काही मत नाही. तो बापाला विचारतो. बापाचंही ठरलेलं नसेल तर आजोबांना. सगळ्यात वर रूट बसलेला असतो, त्याचं मत 30. तुम्ही नुसती पातळी विचारू नका, लागू असलेली पातळी विचारा. त्याहून बरं म्हणजे पाचही पातळ्यांवर बोलून बघा, काय बाहेर येतं ते."

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे शिकवायला एक पंचविशीतला पोरगा लागावा! आमच्याकडे लेक सहलीला जाऊ का म्हणून मला विचारते, मी आईकडे पाठवतो, आई आजीकडे. आमची रूट आजी.

आजीला विचारलं तर तिची पातळी ठरलेली: "मला काही ऐकू येत नाही रे." पण पोराचा सल्ला मनात होता. रविवारी मी रीतसर चाचणी घेतली. "आजी, पाऊस आलाय." शांतता. "आजी, गच्चीवर पापड वाळत घातलेत." शांतता. "आजी, पापड भिजले!" आजीनं जपमाळेचा मणी पुढे सरकवला. मी मोठ्यानं ओरडलो, "आजी, रक्तदाबाची गोळी राहिली!" आजीनं डोळे मिटले.

मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या कानात म्हणालो, "फ्रिजमधलं श्रीखंड संपवून टाकू या का?"

"माझ्यासाठी वाटीभर ठेवा," बाहेरून आवाज आला.

लॉगिंगमध्ये पातळीच्या जोडीला फिल्टर नावाचीही चीज असते. कितीही मोठ्यानं बोला, मजकूर पसंत नसेल तर तो गाळला जातो. मी हळूच बायकोला म्हणालो, "कळली बरं का, आजीची खरी पातळी."

"कोण रे माझी पातळी काढतंय?"