शिपाईभाऊ, पुढे शिकू नका!

माणसानं आयुष्यभर विद्यार्थी राहावं, असं खानदेशातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे हमखास सांगतात. सतरंज्या अंथरून, माइक लावून पाहुण्यांसाठी चहा आणणाऱ्या शिपायालाही ते ऐकू जातं. त्याला एकच विनंती : भाऊ, टाळ्या वाजवा, पण प्रवेशअर्ज भरू नका. शासनानं मांडलेल्या हिशेबात शिकणाऱ्याचा तोटा चोख बसवलेला आहे.

समजा, चोपडा किंवा साक्री तालुक्यातल्या अनुदानित शाळेतल्या कायम शिपायानं शिक्षक व्हायचं मनावर घेतलं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरदारांची सोय बघतं. पदवी तिथं होऊन जाईल. पण तिथलं बी.एड. सेवेतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. म्हणजे शिक्षक होण्यासाठी आधी शिक्षक असावं लागतं! उरलं नियमित डी.एड. किंवा बी.एड., दोन वर्षं पूर्णवेळ. तेवढे दिवस शाळेची घंटा कोण देणार आणि घरचा किराणा कोण भरणार, हे अभ्यासक्रमाबाहेरचं. तेही निभावलं, शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी सुटली, अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल पावलं, की बक्षीस काय, तर तीन वर्षं शिक्षणसेवक. 2023 मध्ये वाढवून दिलेलं मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000. आणि सातव्या वेतन आयोगात शिपायाची सुरुवातच मूळ 15,000 वर, शिवाय निम्म्याहून जास्त महागाई भत्ता. वर्गाबाहेर स्टुलावर बसणारा कायम शिपाई वर्गातल्या नव्या गुरुजींना उसने पैसे देऊ शकतो. त्यातून सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी बंधनकारक केली. घंटा देणाऱ्याला अजून तरी कुणी पात्रता परीक्षा लावलेली नाही.

यावर कुणी म्हणेल, तीनच वर्षं कळ काढायची आहे, पुढे पगार शिपायाच्या दुपटीच्या आसपास जातो. खरं आहे, पण ते घरची जबाबदारी नसलेल्या पोरासाठी. ज्याच्या डोक्यावर पतपेढीचे हप्ते आहेत, त्याला तीन वर्षांची कळ परवडत नाही. मग लिपिक व्हा, असा दुसरा सल्ला मिळतो. तो त्यातल्या त्यात शहाणपणाचा; पण शिक्षकेतरांच्या आकृतिबंधात लिपिकाची जागा विद्यार्थिसंख्येवर ठरते. मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढली, की पट घसरतो आणि पदवीधर शिपाई स्टुलावरच राहतो.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. संस्थाचालकांनी भाचे-पुतणे चिकटवून शिपायांची पदं बदनाम केली, शासनानं जन्मभर का पोसावं? त्यावर 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं जालीम उपाय केला : आहेत ते शिपाई निवृत्त होईपर्यंत राहतील, नंतर पद संपेल आणि शाळेला शिपाई भत्ता मिळेल. जळगाव, धुळे शहरांत महिना साडेसात हजार, खेड्यात पाच हजार. गंमत अशी, की यानं भाच्याची वाट बंद होत नाही. त्याला नेमणारे मामाच राहतात, फक्त भाचा स्वस्तात पडतो. मात्र या भत्त्यावरचा माणूस खुशाल एम.ए. करू शकतो, कारण गमवायला त्याच्याकडे नोकरीच नाही. ज्याला सुरक्षा आहे त्याला शिकणं परवडत नाही आणि ज्याला शिकायला हरकत नाही त्याला सुरक्षा नाही, अशी ही वाटणी. अभ्यास आणि राहण्याजेवणाची हमी एकत्र मिळाल्याचं खानदेशातलं ठळक उदाहरण 1932 चं : विनोबा गीतेवर बोलत होते, साने गुरुजी लिहून घेत होते. ठिकाण, धुळ्याचा तुरुंग.

खरं तर फार काही लागत नाही. सेवेतला शिक्षकेतर कर्मचारी शिक्षक झाला, तर त्याचा आधीचा पगार राखावा आणि प्रशिक्षणाच्या काळात त्याचं पद जपावं, एवढं शासन निर्णयात स्पष्ट लिहिलं तरी पुरे. आज ना उद्या तसं पत्र निघेलही. ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं काम शिपायाचं. तो तोवर निवृत्त झालेला असेल.