अकरा रुपयांच्या फरकापायी

कौशल्य केंद्राचे चालक साहेब,

तुमच्या केंद्रात बायोमेट्रिक हजेरी आहे, भिंतीवर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा फलक आहे, तीस खुर्च्या आणि एक प्रोजेक्टर आहे. मागच्या खेपेला याच खुर्च्यांवर ‘रिटेल सेल्स असोसिएट’ बसले होते, आता ‘डोमेस्टिक डेटा एंट्री ऑपरेटर’ बसलेत. गावाला कशाची गरज आहे हे तुम्ही कधी विचारलं नाही. खोलीत काय मावतं तेवढं पाहिलंत.

तुम्ही छत्रपती संभाजीनगरात धंदा करता. इथे 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागे सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग लागली. माझ्यासारख्यांचे संसार त्यावर उभे राहिले. आता शेंद्रा-बिडकीनमध्ये ऑरिक ही औद्योगिक वसाहत उभी आहे, दहा हजार एकरांची. 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, एथरने इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना जाहीर केला. हे सगळं पेपरात पहिल्या पानावर आलं. तुम्ही ते वाचलंत, कारण पुढच्या प्रस्तावात ‘ऑटो हब’ हा शब्द तुम्ही घातलात. कोर्स मात्र तेच ठेवलेत.

तुमचं गणित मला कळतं आणि म्हणूनच संताप येतो. केंद्र सरकारने 2015 मध्ये प्रशिक्षणासाठी तुम्हाला द्यायचे ताशी दर ठरवले: यंत्रांवर मोठा खर्च लागणाऱ्या कोर्सला माणशी 38.50 रुपये, मधल्याला 33, कमी खर्चाच्या कोर्सला 27.50. पुढे आकडे वाढले, रचना तीच राहिली. 2015 च्या वरच्या आणि खालच्या दरात फरक होता अकरा रुपयांचा. तीस मुलं, तीनशे तास धरले तर एका तुकडीमागे 99 हजार रुपये जास्त मिळायचे. त्यात सीएनसी मशीन येत नाही, पीएलसीचे पॅनेल किंवा थ्री-फेज वीज घेता येत नाही, शॉप फ्लोअरवर दहा वर्षं काढलेला निदेशक पगारावर ठेवता येत नाही. दर ठरवणाऱ्यांचा हा दोष आहे आणि तो मी तुमच्या माथी मारणार नाही.

पण पुढचं सगळं तुमचं आहे. 2016 ते 2020 या काळात प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तुम्हाला तीस टक्के पैसे वर्ग सुरू झाल्यावर मिळत, पन्नास टक्के मुलं परीक्षा पास झाल्यावर, आणि नोकरी लागल्यावर उरलेले वीस. तुमचं खरं लक्ष पहिल्या ऐंशी टक्क्यांवर होतं. वीस टक्क्यांसाठी कुठल्याशा मॉलची ऑफर लेटरं जोडलीत, पोरगा तिथे महिनाभर टिकला की नाही हे पाहायला गेला नाहीत. सेक्टर स्किल कौन्सिलांची तपासणी करणाऱ्या शारदा प्रसाद समितीने 2017 मध्ये सांगितलं होतं की उद्दिष्टाचे आकडे गाठण्याच्या नादात उद्योगाची गरज आणि धड पगाराची नोकरी या दोन्हींकडे दुर्लक्ष झालं. योजनेच्या चौथ्या आवृत्तीत तर नोकरी लागली का, याची नोंद ठेवण्याची अटच गेली. तुमची तेवढीही कटकट संपली.

कारखान्यात नेमकं काय लागतं ते मी सांगतो, मी ते हाताने केलंय. ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर धरता आला पाहिजे. बोल्ट किती टॉर्कला आवळायचा आणि तो आकडा चुकला तर काय होतं, हे ठाऊक पाहिजे. आता त्यात भर पडली आहे. हायब्रिड गाडीत केशरी आवरणाची जाड वायर दिसली की आत जीव घेईल एवढा विजेचा दाब आहे, इन्सुलेटेड हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, हे आधी शिकावं लागतं. लाईन थांबली तर सेन्सर गेला की वायर तुटली, हे शोधता यावं लागतं. यातलं प्रोजेक्टरवर दाखवून काही येत नाही. हात काळे करावे लागतात.

आणि तुमच्याकडे येणारी मुलं कोण आहेत? पैठण, गंगापूर, फुलंब्रीची. बिडकीनच्या आसपास ज्यांच्या बापांनी औद्योगिक वसाहतीसाठी जमीन दिली, त्यांची पोरं. मोबदल्याचे पैसे घरात, बहिणीच्या लग्नात, गाडीत गेले. उरली ती कारखान्यात लागण्याची आशा. ती आशा घेऊन त्यांतला एखादा मुलगा तुमच्या दारात येतो आणि तुम्ही त्याला तीन महिने कीबोर्डवर बसवून प्रमाणपत्र देता. ते घेऊन तो गेटवर जातो, सिक्युरिटीवाला ते पाहून परत देतो. मग ठेकेदाराकडे रोजंदारीवर माल उचलतो. लाईनवर परगावचा आयटीआयवाला किंवा डिप्लोमावाला उभा असतो. त्या मुलाचं वय एकोणीस असतं आणि आपण शिकूनही काही झालं नाही, हे तो मनात पक्कं करून घेतो. हे पाप तुमचं आहे.

परवडत नाही, हे कारण मला सांगू नका. याच शहरात इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथल्या यंत्रांवर संध्याकाळची पाळी मागता येते. वाळूजच्या पुरवठादारांना माणसं हवीत. त्यांच्या शॉपमध्ये मुलांना आठवड्यातले तीन दिवस नेता येतात. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 पासून आहे, त्यात विद्यावेतनही आहे. वर्ग तुमचा, यंत्र त्यांचं, अशी जोडणी करायला तुम्हाला फक्त सकाळी एमआयडीसीत चार ठिकाणी जाऊन बसावं लागेल. ते तुम्ही केलं नाहीत, कारण मंजुरी देणाऱ्या टेबलांपलीकडे तुम्ही कधी गेला नाहीत.

तेव्हा पुढची तुकडी भरण्याआधी दारावर एक कागद लावा. मागच्या तुकडीतलं कोण कुठे कामाला आहे, हातात किती पगार येतो, आणि किती जण घरी बसलेत. नावं नका लिहू, आकडे लिहा. प्रवेशाला येणाऱ्या आईबापांना तो वाचू द्या, आणि मग त्यांच्याकडून आधार कार्डाची झेरॉक्स मागा.

वाळूजचा एक निवृत्त फिटर