‘खेंच लेती’साहेबांना खुले पत्र

सन्माननीय ‘खेंच लेती’साहेब यांस,

सा. न. वि. वि.

आपले खरे नाव, आपल्या शोरूमचे नाव आणि आपल्या टायवर जिचे चिन्ह झळकत होते त्या कंपनीचे नाव या पत्रात येणार नाही. घाबरून नव्हे. हैदराबादेत आपल्या जातकुळीचे विक्रेते इतके आहेत, की एकट्या आपला सत्कार केला तर बाकीचे रुसतील.

ओळख पटावी म्हणून एवढेच सांगतो, की काचीगुड्याचे माझे मेहुणे आपल्याकडे आले होते. नुकतेच निवृत्त झालेले, हातात फंडाचे पैसे आणि मोबाइलमध्ये डॅलसच्या मुलाने पाठवलेला व्हिडिओ. व्हिडिओत एक अवाढव्य पिकअप, तिच्या मागे चाकांवरचे घर आणि हे सगळे मिळून डोंगर चढते आहे. मेहुण्यांनी आपल्याला सरळ प्रश्न विचारला : भरून तीन टनांचा कॅम्पर ओढायचा आहे, घरची पाच माणसे बसणार, तुळजापूर-पंढरपूर आणि श्रीशैलम करायचे, तर पिकअप कोणती घ्यावी? दुसऱ्या कोणी निदान कागद-पेन्सिल काढली असती. आपण बॉनेटवर थाप मारलीत आणि म्हणालात, “खेंच लेती साब! टॉर्क देखो, टॉर्क. टेन्शन नक्को.”

मेहुण्यांनी टॉर्क पाहिला आणि चेक फाडला.

साहेब, खेचण्याविषयी आमची तक्रार नाही. सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरात कोणतीही गाडी काहीही खेचते. ऊसतोडीच्या हंगामात सोलापूर-धाराशिवकडे एक चक्कर मारून या. ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या भरून निघतो, चढ लागला की त्याची पुढची चाके जमीन सोडतात, आणि ती खाली राहावीत म्हणून पोरे पुढच्या बाजूला जाऊन बसतात. हे बघून पोटात गोळा येतो, पण त्या ट्रॅक्टरवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, जी आपल्याला टाय बांधूनही कळलेली नाही. मागे जोडलेली वस्तू नुसती मागे ओढत नाही, ती गाडीचे ढुंगण खाली दाबते.

कॅम्परच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा लागतो. तो त्याहून कमी आला, तर कॅम्पर वेगात शेपूट हलवू लागतो, आणि हलवता हलवता पुढच्या पिकअपलाच रस्त्याबाहेर नेतो. जास्त आला, तर पिकअप मागे बसते, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखे फिरते आणि रात्री हेडलाइट झाडावरच्या वटवाघळांना दिपवतात. म्हणजे हा भार टाळता येत नाही, तो पिकअपने पाठीवर घ्यायचा असतो. आणि पाठीवर आधीच आम्ही बसलेलो असतो!

आपल्याला गणिताचा कंटाळा आहे, म्हणून आकडे गोल करून देतो. रिकामी पिकअप 2,000 किलो, तिचे कमाल एकूण वजन 2,800, म्हणजे वाहायची ताकद 800. मेहुण्यांच्या घरची पाच माणसे 375 किलो (आमच्याकडे श्रीखंडाला नाही म्हणायची पद्धत नाही). कॅम्पर तीन टनांचा, त्याचा बारा टक्क्यांनी हुकावरचा भार 360. झाले 735. उरले 65 किलो. त्यात आपण ‘ॲक्सेसरीज’ म्हणून गळ्यात मारलेला लोखंडी बंपर, मागची कॅनपी आणि हुकाची चौकट मिळून 180, वर दौऱ्याचे सामान 120. शहराबाहेरच्या धरमकाट्यावर कॅम्पर जोडून फक्त पिकअपची चाके काट्यावर घेतली, तेव्हा कमाल मर्यादेच्या वर सव्वादोनशे किलोंहून जास्त भरले. काट्यावरच्या पोराने पावती फाडताना विचारले, “क्या भरेले हैं साब, सिमेंट?” आपण त्याला नोकरीवर ठेवा. त्याने वजन विचारले!

आता आपला तो साडेतीन टनांचा आकडा. “बाहेर यहीच गाडी साडेतीन टन खेंचती,” असे म्हणत आपण ऑस्ट्रेलियाचे माहितीपत्रक दाखवलेत. खरे आहे, तिकडे या वर्गातल्या पिकअपना साडेतीन टनांची मान्यता असते. पण त्याच पानावर हुकावरच्या भाराची वेगळी मर्यादा असते, साधारण 350 किलो. शिवाय त्या आकड्याच्या शेजारी ‘ब्रेकसह’ असा शब्द असतो. तो नेमका आपल्या अंगठ्याखाली होता. ब्रेक नसलेला ट्रेलर तिकडे 750 किलोंच्या वर चालत नाही. दोन टनांच्या वर गेला, तर त्याच्या सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, आणि जोड तुटून ट्रेलर सुटलाच तर आपोआप लागणारा ब्रेकही हवा. आमचा कॅम्पर आपल्याच ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे बनला. पलंग, ओटा, एसी, दोनशे लिटरची पाण्याची टाकी (म्हणजे तेवढेच किलो), सगळे होते. ब्रेक नव्हते. याबद्दल फोन केला तेव्हा आपण जे उत्तर दिलेत, ते मेहुण्यांनी फ्रेम करून ठेवावे असे मी सुचवले आहे : “ब्रेक गाडीको हैं ना साब!”

आहेत. अठ्ठावीसशे किलो थांबवायला दिलेले ब्रेक. त्यांनी जवळजवळ सहा टन थांबवायचे. तेही श्रीशैलमच्या रस्त्यावर, जिथे अमराबादच्या जंगलातून घाट कृष्णेच्या पात्राकडे वळणे घेत उतरतो. चढाला गाडी दमली तर थांबता येते, उताराला ती सोय नाही. अमेरिकन हेवी ड्यूटी पिकअपांना एक्झॉस्ट ब्रेक देतात, ट्रेलरच्या ब्रेकचे बटण केबिनमध्ये देतात, गिअरबॉक्सचे तेल थंड करायला वेगळा कूलर देतात. आपण आम्हाला सनरूफबद्दल माहिती दिलीत.

डॅलसच्या व्हिडिओतली ती गाडी कोणत्या वर्गातली, हे तरी आपण पाहायला हवे होते. फोर्डची एफ-350, रॅमची 3500 वगैरे मंडळी, मागच्या एक्सलला चार-चार चाकांची. रॅमच्या पोटात (पूर्वी तिला डॉज म्हणत) 1989 पासून कमिन्सचे डिझेल इंजिन आहे. कमिन्स म्हणजे आमच्या पुण्याच्या नातेवाइकांचा अभिमानाचा विषय, 1962 पासून कोथरूडची, आणि पाहुण्यांना ते हे ऐकवल्याशिवाय चहा देत नाहीत. पण पुण्यात कमिन्स आहे म्हणून रॅम हैदराबादेत मिळत नाही. या गाड्या त्यांच्या कंपन्या भारतात विकतच नाहीत. आपण जी विकता ती चांगली पिकअप आहे, पण ती दुसऱ्या वजनगटातली.

आणि रॅम मिळाली असती, तरी हिशेब टळला नसता. मोठे कॅम्पर तिकडे हुकाला जोडत नाहीत, पिकअपच्या हौद्यात मागच्या एक्सलच्या वर बसवलेल्या जोडावर टेकवतात. त्यात वीस-पंचवीस टक्के वजन पाठीवर येते. सहा टनांच्या कॅम्परचे बाराशे ते पंधराशे किलो! म्हणून तिथले जाणते गिऱ्हाईक इंजिनाआधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचे स्टिकर वाचते. माणसे आणि सामान मिळून किती भरता येईल, हे त्यावर छापलेले असते. छापील ओढक्षमतेवर तिकडच्या लोकांचाही विश्वास बसेना, कारण प्रत्येक कंपनी मनाला येईल तसे मोजायची. मग वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने एसएई जे-2807 नावाचे मानक काढले. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, एसी पूर्ण क्षमतेने चालू ठेवून, ठरलेल्या वेगाखाली न येता ट्रेलर वर नेऊन दाखवायचा. त्या चाचणीत गाडीत माणसे किती धरतात? दोन. प्रत्येकी 68 किलोंची. आमच्या मेहुण्यांच्या घरात असे माणूस फक्त मोलकरणीच्या रूपाने येते.

कॅम्पर घरी आला तो दिवसही आपल्याला कळवायलाच हवा. पिकअप आणि कॅम्पर मिळून साडेअकरा मीटर, म्हणजे मध्ये बिजागरी असलेली सिटी बस. ती चप्पल बाजारच्या बाजूने गल्लीत रिव्हर्सने घ्यायची. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की ट्रेलरचे ढुंगण डावीकडे जाते. हे मेहुण्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि गल्लीतल्या चाळीस सल्लागारांपैकीही कोणाला माहीत नव्हते. “आन्दो, आन्दो, आन्दो,” “बस्स!”, “काट के लेव चचा!” अशा गजरात गाडी आणि कॅम्पर कोपऱ्यावर अडकित्त्यासारखे मिटले. दोन तास वाहतूक ठप्प. एका इराणी हॉटेलवाल्याचा मात्र त्या दिवशी धंदा बरा झाला, आणि माझ्या बहिणीने पहिल्यांदाच नवऱ्याच्या निवृत्तीबद्दल जाहीर मत मांडले. क्लचचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता. चढावर मोठा ट्रेलर रिव्हर्स घेताना मॅन्युअल गाडीचा क्लच सगळ्यात आधी जळतो, म्हणून अशा कामाला ऑटोमॅटिक घ्यावी, हेही सांगायचे आपल्या राहूनच गेले असावे. टॉर्कचे वर्णन लांबले होते ना.

कागदपत्रांत तर आपली प्रतिभा खुलली. “ट्रेलर का क्या रजिस्ट्रेशन, पीछे बांध के चलाव.” साहेब, मोटार वाहन कायद्याचे 61वे कलम म्हणते, की ट्रेलरची नोंदणी मोटारीसारखीच वेगळी व्हायला हवी. शिवाय 52वे कलम आहे : कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या रचनेच्या विरुद्ध गाडीत फेरफार चालत नाही. आपण वेल्डिंग करून बसवलेला हुक अपघातानंतर विमा कंपनीला दाखवायची हिंमत आपल्यात असेल, माझ्यात नाही. एजंटाकडे गेलो, तर ‘कॅम्पर’ म्हणताच त्याने बोलेरो कॅम्परचा अर्ज पुढे केला. त्याच्या दृष्टीने कॅम्पर म्हणजे ज्यातून साइटवर मजूर आणि सिमेंट नेतात ती. भाबडा माणूस, पण वजनाची जाण त्यालाही आपल्यापेक्षा जास्त.

एवढे सगळे होऊन समजा निघालोच असतो. श्रीशैलमचा व्याघ्रप्रकल्पातला रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 वाहनांना बंद असतो. 1677 मध्ये शिवाजी महाराज गोवळकोंड्याची भेट आटोपून श्रीशैलाला गेले, त्या काळी तिथे गेट नव्हते. आम्ही मन्ननूरच्या गेटवर ब्रेक नसलेल्या घरात झोपलो असतो.

आपण काय करायला हवे होते, ते सांगतो. फार अवघड नाही. आधी कॅम्पर ठरवायचा, भरल्या टाकीसकट त्याचे वजन काढायचे, मग पिकअपची वाहायची ताकद, हुकाची मर्यादा आणि गाडी-कॅम्पर मिळून चालणारे कमाल एकूण वजन, हे तिन्ही कंपनीकडून इथल्या मॉडेलसाठी लेखी घ्यायचे. त्यातला एकही आकडा मिळाला नाही, तर हात जोडून म्हणायचे, “काका, ही गाडी या कामाची नाही.” पाचशे-सातशे किलोंचा छोटा, कागदपत्रे असलेला ट्रेलर घ्या म्हणायचे, पिकअपने तो आनंदाने नेला असता. किंवा मोठे घरच हवे तर ओढण्याच्या फंदात पडू नका, एकाच चासिसवर बांधलेली मोटर कॅराव्हॅन घ्या, असे सुचवायचे. आकुर्डीच्या फोर्सच्या ट्रॅव्हलरवर अशा गाड्या बांधतात, आणि महाराष्ट्राने तर 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही काढले. तुळजापूरला तीच सोयीची. आपले कमिशन बुडाले असते, हे मान्य. मेहुण्यांचा फंड वाचला असता.

विनंती एकच. पुढचा माणूस डॅलसचा व्हिडिओ घेऊन आला, की बॉनेटवर थाप मारण्याआधी त्याच्या घरच्या पाचही जणांना गाडीत बसवून धरमकाट्यावर न्या. काट्याचे पैसे मी देतो.

कळावे. लोभ आहेच, तो कृपया वाढू नये.

आपला,
एक काचीगुडावासी

ता. क. पिकअप आणि कॅम्पर दोन्ही विकायचे आहेत, वेगवेगळे. पिकअपवर जुना टीएस नंबर आहे, कॅम्परला अजून नंबरच नाही, मिळाला तर तो टीजी असेल. क्लच नवा टाकला आहे. कोणी गिऱ्हाईक असेल तर जरूर पाठवा, फक्त त्याच्याशी बोलू नका.