रात्रीपुरती गाडी

गाडीत राहायची सोय करायची असं घरात ठरलं, की पहिली चर्चा इंजिनाची होत नाही, मिसळणाच्या डब्याची होते. डबा आला की पोळपाट येतो, पोळपाटामागून ओटा, ओट्याखाली सिलिंडर, सिलिंडरशेजारी फ्रिज, फ्रिजसाठी इन्व्हर्टर, आणि एवढं होतंच आहे तर एक छोटंसं बेसिन. वहीच्या मागच्या पानावर हे सगळं छान बसतं, कारण वहीच्या पानाला ताम्हिणी घाट उतरायचा नसतो. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची राहती गाडी करण्याची लाट सध्या जोरात आहे. माझी तक्रार लाटेबद्दल नाही, नकाशाबद्दल आहे. व्यवहारात चालणारी गाडी हवी असेल, तर तिच्यात घर बसवायचा नाद सोडावा आणि फक्त रात्र बसवावी: चार-पाच माणसं आडवी होतील एवढी जागा, वारा, मच्छरांची जाळी, पिण्याचं पाणी आणि एक दिवा. बाकीचं घर रस्त्याच्या कडेला आधीच बांधून ठेवलेलं आहे, आणि ते आपल्याहून अनुभवी माणसं चालवतात.

आधी वजन. आरसी बुकात गाडीचं रिकामं वजन आणि भरल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे आपली सगळी हौस. बारा प्रवासी, माणशी सामानासकट 75 किलो, म्हणजे ढोबळमानाने 900 किलो. आता सुताराला बोलवा. तो घरच्या वॉर्डरोबला वापरतो तोच 19 मिलिमीटरचा प्लाय आणतो, कारण त्याला ‘काम मजबूत’ करायचं असतं. आठ बाय चारचा असा एक प्लाय साधारण 35 किलो भरतो, आणि पलंग, कपाटं, ओटा, पार्टिशन यांत सहा प्लाय कुठे गेले ते कळतही नाही. झाले 210. पाणी 200 लिटर म्हणजे 200 किलो. इथे तरी हिशेब सोपा. घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशा दोन मोठ्या बॅटऱ्यांचे कमीत कमी शंभर, भरलेल्या घरगुती सिलिंडरचे तीस, ज्यात गॅस 14.2 किलो आणि बाकी लोखंड. पाच माणसांचे 350 धरले की बेरीज होते 890. दहा किलो शिल्लक राहतात. त्या दहा किलोंत फ्रिज, एसी, गाद्या, भांडी, कपडे आणि ‘असू दे, लागेल’ या सदरातलं सगळं सामान बसवायचं आहे. यावर फॅब्रिकेटरकडे एक ठरलेलं उत्तर असतं: मागचे पाटे वाढवून घेऊ. पाटे वाढवले की गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि मालकाला बरं वाटतं. ब्रेक, ॲक्सल, टायर आणि आरसी बुकातला आकडा यांना मात्र या बरं वाटण्याची खबर नसते.

ही गाडी पुण्याहून निघून मुळशी, ताम्हिणी, माणगावमार्गे हरिहरेश्वरला न्यायची, आणि बागमांडल्याला फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरून केळशी-आंजर्ल्याकडे, असा रस्ता धरू. नकाशावर मोकळी जागा मागे दिसते, म्हणून जड वस्तू मागे जातात: टाकी, बॅटऱ्या, संडास, सगळं मागच्या चाकांच्याही मागे. परिणाम असा, की घाटात पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नको तितकं आज्ञाधारक वाटायला लागतं. ही गाडी बागमांडल्याला धक्क्याच्या उतारावरून बोटीच्या फळीवर चढते तेव्हा तिचं लोंबतं बूड सिमेंटला टेकतं. बोटीवरचा पोरगा ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असतो, कारण त्याचं काम गाडी येऊ देण्याचं आहे. खाली सांडपाण्याच्या टाकीचा नळ राहील की जाईल हा मालकाचा घरगुती प्रश्न. पलीकडे उतरल्यावर गावातल्या आळ्या सुरू होतात. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वरून फणसाची फांदी, तिच्याही वर कधीकाळी ताणलेली आणि आता सैलावलेली वीजतार. टपावर कॅरियर, त्यावर सोलर पॅनेल, शेजारी एसीचा डबा, असा तीन मजली थाट घेऊन तिथे शिरलं की गावातला प्रत्येक जण वर बघतो आणि सल्ला देतो. समोरून एसटी आली, तर मागे कोणी जायचं हा प्रश्नच नसतो.

विजेचं गणित तर आणखी निर्दय आहे. बारा व्होल्टच्या, दीडशे अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत कागदावर 3.6 युनिट मावतात. शिशाची बॅटरी निम्म्याखाली रिकामी करू नये, नाहीतर ती लवकर मरते; म्हणजे हाती उरले 1.8 युनिट. एक टनाचा एसी तासाला एक युनिट खातो असं धरलं तर रात्री दहाला लावलेला थंडावा बाराच्या आत संपतो, आणि नंतर खिडक्या उघडाव्यात तर सुताराने त्यांच्यासमोर कपाट उभं केलेलं असतं. टपावरचं 330 वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाकाठी एक ते दीड युनिट भरून देतं. कोकणातल्या जुलैत ते मुख्यतः छपराचं काम करतं. उलट 25 वॉटचा बारा व्होल्टचा पंखा आठ तास फिरला तरी 0.2 युनिटमध्ये रात्र काढतो, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्यांना जाळी लावली तर त्याला मदतही होते. ‘मे महिन्यात किनाऱ्यावर पंख्याने काय होणार?’ हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. काही होत नाही. मे महिन्यात किनाऱ्यावर पत्र्याच्या डब्यात झोपूच नये. खोली घ्यावी, आणि गाडी डिसेंबरात काढावी. वर्षातला एक महिना जिंकण्यासाठी उरलेल्या अकरा महिन्यांत एसी टपावर वाहून नेणं हा व्यवहार नव्हे.

गाडीच्या आधाराने मुक्काम करणं आपल्याला नवीन आहे असं समजून हे नकाशे काढले जातात, ही खरी गंमत. आषाढी वारीत आळंदी-देहूहून पंढरपूरला निघालेल्या दिंड्यांबरोबर ट्रक असतात. त्यांत राहुट्या, शिधा, पातेली, शेगड्या, वळकट्या भरलेल्या असतात. वारकरी चालतात, ट्रक पुढे जातो, मुक्कामाच्या शेतात संसार खाली उतरतो आणि सकाळी पुन्हा वर चढतो. शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो, पण ट्रकच्या आत ओटा बांधावा असं अजून कुठल्या दिंडीला वाटलेलं नाही. तमाशाचे फड दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत जत्रा-यात्रांतून गावोगाव फिरतात. त्यांचीही रंगमंच, कनात, दिवे, पेट्या गाडीतून बाहेर काढायची आणि पहाटे आत घालायची रीत आहे. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच: गाडी सामान वाहते, संसार बाहेर मांडला जातो. जर्मन लोकांनाही हे सुचलं होतं. 1951 साली वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी जी पहिली सोय काढली तिचं नावच ‘कॅम्पिंग बॉक्स’ होतं. खोकं आत ठेवलं की रविवारची सहल, काढलं की सोमवारी तीच व्हॅन कामावर. पुढे खिळे ठोकून पक्कं केलेलं फर्निचर आलं, टप उचलणारी मॉडेल्स आली, पण सुरुवात उचलता येणाऱ्या खोक्यापासून झाली. आपल्याकडे ते खोकं 12 मिलिमीटरच्या प्लायचं करावं, झाकण म्हणजेच पाट, आत गाद्या आणि कपडे. अशी चार खोकी पट्ट्यांनी जमिनीला आवळली आणि वर फळ्या टाकल्या की चौघं झोपतात. पाचवे काका मधल्या सीटवर. ते तिथे मुळशीपासून झोपलेलेच असतात.

स्वयंपाकाचा आक्षेप यानंतर येतो, आणि तो सहसा वडीलधाऱ्यांकडून येतो: बाहेरचं रोज चालत नाही. खरं आहे. पण आतलं रोज चालतं का, हे बघावं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचतो, म्हणजे नेमका जिथे अंथरुणं असतात तिथे. बंद गाडीत हिंगाची फोडणी दिली तर ती फोममध्ये मुरते. सुके बोंबील भाजले तर गाडी विकताना गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. त्यामुळे शेगडी मागच्या दाराबाहेर, टेबलावर, दिवसाच्या उजेडात. आणि तिच्यावर चहा, खिचडी, फार तर पोहे. पुरणपोळीची जागा घर आहे. आंजर्ल्यात किंवा हर्णैला ज्या घरावर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी असते तिथे सकाळी सांगून ठेवलं की दुपारी सोलकढीसकट ताट मिळतं. हे न घेता पार्किंगमध्ये डाळीच्या शिट्ट्या मोजत बसणाऱ्या माणसाला प्रवास आवडतो असं मी तरी म्हणणार नाही.

सगळ्यात सबळ आक्षेप संडासाचा, आणि त्यापुढे माझा युक्तिवाद थोडा वाकतो. हायवेवरचे पंप आणि एसटी स्टँड यांच्या भरवशावर बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी प्रवास करावा असं सांगायला तोंड नाही. पुण्यात 2016 पासून जुन्या बसगाड्यांत बायकांसाठी स्वच्छतागृहं उभी राहिली, ती याच अडचणीपोटी. आणि एक नीट स्वच्छतागृह करायला अख्खी बस लागते, हेही त्यातून समजतं. ट्रॅव्हलरमध्ये टाईल्स, कमोड, शॉवर आणि एक्झॉस्ट फॅन बसवायला गेलं की उरलेल्या गाडीत झोपणाऱ्यांना आपण संडासात राहतो आहोत की संडास आपल्यात, हे सांगता येत नाही. तेव्हा घरातली ही एक वस्तू बरोबर न्यावी, पण सुटी: कॅसेटचा छोटा संडास, ज्याची वीसेक लिटरची टाकी खालून निघते, आणि बाहेर उभा करायचा चेनचा उंच तंबू. टाकी सार्वजनिक शौचालयात किंवा मुक्कामाच्या घरी विचारून रिकामी करावी लागते. ते कोणी करायचं याचा निर्णय पुण्यातच, सगळ्यांच्या सह्यांनिशी व्हावा. फिरायला गेल्यावर या विषयावर लोकशाही टिकत नाही.

कायदाही सुट्या खोक्यांच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी फारकत घेणारा फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019च्या जानेवारीत हेच बजावलं. सीट काढल्या की आसनक्षमता बदलते, म्हणून आधी आरटीओची परवानगी आणि मग पाना, हा क्रम. गॅरेजमध्ये तो हमखास उलटा होतो. पक्कं घरच बांधायचं असेल, तर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीचा वेगळा प्रकार आहे आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे. गाड्या तपासणारी एआरएआय तर पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. त्या टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणारा माणूस संध्याकाळी गल्लीतल्या वेल्डरकडून टपाला भोक पाडून घेतो.

आता शेवटचा टोमणा: एवढं सगळं बाहेर काढलं, तर मग लॉजवरच का जाऊ नये? कारण गाडीतली रात्र लॉजच्या रात्रीची नक्कल करत नाही, ती वेगळ्या कामाची आहे. पहाटे चारला झोपलेल्या मुलांना न उठवता निघता येतं. रोज बॅगा चढवणं-उतरवणं नाही. दुसऱ्या शनिवारी किनाऱ्यावरच्या सगळ्या खोल्या भरलेल्या असल्या, तरी एखाद्या वाडीवाल्याला भाडं देऊन माडाखाली उभं राहता येतं, आणि नळ, न्हाणीघर, सकाळचा घावन असं सगळं तिथेच मिळतं. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण तळ वाढेपर्यंत वाडीवाला हाच आपला तळ. पुळणीवर मात्र गाडी घालू नये. ओहोटीला कडक वाटणारी वाळू भरतीला मत बदलते, आणि मग गावातला ट्रॅक्टरवाला येतो. त्याचा दर पाण्याच्या उंचीप्रमाणे चढतो.

उरतो तो गाडी वर्षभर लावायची कुठे हा प्रश्न, आणि तो घाट, खाडी नि आरटीओ यांच्यापेक्षा अवघड आहे, कारण तो सोसायटीच्या सेक्रेटरींच्या अखत्यारीत येतो. पक्की कॅम्पर असली तर नोटीस येते: वाहनतळात निवासी बांधकाम. खोकी गच्चीत नेऊन ठेवलेली, मागची बाजू मोकळी असलेली गाडी असली तरी नोटीस येतेच, पण भाद्रपद लागला की तिचा सूर नरमतो. रुखवत, भाड्याच्या खुर्च्या, कोणाच्या तरी जाऊबाईंचं कपाट, आणि शेवटी सोसायटीचा गणपती, या सगळ्यांना तशीच गाडी हवी असते. मूर्ती माल की प्रवासी हा आरटीओच्या हिशेबाने मोठाच पेच आहे, पण पुढे झांजा वाजत असताना तो कोणताही हवालदार काढत नाही, आणि मागे मूर्तीला धरून सेक्रेटरी स्वतः बसलेले असतात.