राखीवपंत

काही माणसं गरजेपुरतं घेतात, काही परवडेल तेवढं घेतात. राखीवपंत "लागलं तर?" या हिशेबाने घेतात. हे नाव त्यांना आमच्या सोसायटीने दिलं आणि त्यांनी ते बिनतक्रार, किंबहुना अभिमानाने स्वीकारलं. घरात माणसं तीन, गच्चीवरची टाकी दोन हजार लिटरची. गाडी सातची असली की पंत साडेपाचला फलाटावर. मुलीच्या साखरपुड्याला माणसं आली दीडशे, स्वयंपाक झाला साडेतीनशेंचा. त्या आठवड्यात आमच्या जिन्यात ज्याच्या-त्याच्या हातात श्रीखंडाचा डबा होता.

अशा माणसाला गाण्याचा नाद लागला, की तो हेडफोनही तसाच घेणार. पंतांनी हायफायमॅन कंपनीचा एचई-6 मिळवला. जुना, वापरलेला, पण जाणकारांत दबदबा असलेला. हा प्लॅनर जातीचा. साध्या हेडफोनमध्ये तारेचं वेटोळं चुंबकाच्या अरुंद फटीत हलतं. इथे वेटोळं नाही. पातळ पडद्यावर वाहक पट्ट्या असतात, दोन्ही बाजूंना चुंबकांच्या रांगा असतात आणि वीज गेली की अख्खा पडदाच हलतो. आवाज स्वच्छ येतो, पण एवढा मोठा पडदा हलवायला वीज खर्चावी लागते. एक मिलिवॅट दिला की नेहमीचा चांगला हेडफोन 100 डेसिबलच्या आसपास वाजतो. हा 83.5 वर थांबतो. म्हणजे तेवढ्याच आवाजाला याला चाळीस-पंचेचाळीस पट वीज हवी. हे वाचून दुसरा कोणी मागे फिरला असता. पंतांचे डोळे लकाकले. त्यांना आयुष्यात प्रथमच, राखीव ताकद खरोखर मागणारी वस्तू भेटली होती.

मग अँप्लिफायरचा शोध सुरू झाला. पंतांबरोबर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायचा योग ज्याला आला, त्याला सरकारी टेंडर कसं उघडतात हे पाहायची गरज उरत नाही.

"हा घ्या साहेब, 6 वॅटचा," दुकानदार म्हणाला.

"किती ओहमला?"

दुकानदाराने खोका उलटा केला. "32 ला."

"आमचा 50 चा. व्होल्टेज तेवढंच राहणार, म्हणजे तुमच्या 6 चे 3.84 झाले की हो!"

"साहेब, 3.84 वॅटला कान फुटतील."

"कानांचं मी बघतो. अँपला धाप लागता कामा नये."

या गणितात पंतांची एकही चूक नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप. कंपन्या वॅट छापतात ते आकडा जिथे भरदार दिसेल त्या ओहमला, आणि आपल्या हेडफोनच्या ओहमला त्यातले किती उरतात हे ज्याचं त्याने काढायचं असतं. पंत ते तोंडी काढतात. फक्त आपल्याला लागणार किती, हा प्रश्न त्यांच्या कागदावर कधी येत नाही.

शेवटी त्यांनी हेडफोनचा अँप घेतलाच नाही. एचई-6 चे भक्त तो थेट स्पीकरच्या अँपला जोडतात, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी स्पीकरचा, 8 ओहमला 100 वॅटचा अँप आणला. तो वर चढवायला वॉचमनला हाक मारावी लागली. "50 ओहमला याचे 16 वॅट राहतात," पंत किंचित खंतावून म्हणाले.

रात्री किशोरीताई आमोणकरांचा भूप लागला. डोक्यावर अर्धा किलोचा हेडफोन, डोळे मिटलेले. एचई-6 पाठीमागून उघडा असतो, त्यामुळे पंत जे एकांतात ऐकतात ते घरालाही ऐकू जातं. स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, त्या तबलजींना जरा हळू घ्यायला सांगा, मी फोनवर आहे." पंतांनी घुंडी खाली आणली. आणि किशोरीताई डावीकडे सरकल्या.

दुसऱ्या दिवशीही त्या डावीकडेच होत्या. पंतांनी कानाच्या डॉक्टरांना गाठलं. तपासणी झाली, आलेख निघाला. निदान एवढंच, की कानांत मळ आहे, आणि तो दोन्हींकडे सारखा आहे.

उलगडा केला तो पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या, रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने. त्याने पंतांना हेडफोन उलटा घालायला लावला. गाणं उजवीकडे गेलं. म्हणजे कान निर्दोष. मग त्याने घुंडी थोडी वर नेली. गाणं मधोमध आलं, आणि पंतांनी हेडफोन कानांवरून उपटला, इतकं ते मोठं झालं होतं. घुंडी खाली केली, की पुन्हा डावीकडे. "पंत," तो स्क्रू-ड्रायव्हर पुसत म्हणाला, "घुंडीखाली दोन पट्ट्या असतात, एक डाव्याची, एक उजव्याची. मध्यावर दोघी जोडीने चालतात. अगदी तळाशी त्यांचं जमत नाही. तुम्ही रोज तळाशीच ऐकताय. अँप मोठा झालाय हो तुम्हाला."

उपायही त्यानेच सांगितला: अँप आणि हेडफोनच्या मध्ये रोध बसवा, जादा वॅट त्यात जाऊ द्या. विकत घेतलेले वॅट जाळायचे, या कल्पनेने पंतांना दोन रात्री झोप आली नाही. पण बसवले. आता घुंडी घड्याळातल्या दहाच्या जागेपर्यंत जाते. पंत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. "बघा, आता अँप खरा कामाला लागला!" हेडफोनला वीज पूर्वीइतकीच जाते. बाकीची रोध तापवते.

तेव्हा ज्यांना प्लॅनर घ्यायचा आहे त्यांनी पंतांचं अर्धं गणित उचलावं आणि उरलेलं अर्धं स्वतः करावं. आवाज दर 10 डेसिबलने वाढवायला वीज दसपट लागते. एचई-6 सारखा हट्टी हेडफोनही 1 मिलिवॅटला 83.5, 10 ला 93.5, 100 ला 103.5 आणि पुऱ्या 1 वॅटला 113.5 डेसिबल देतो. गाण्यातल्या अचानक उसळणाऱ्या आवाजाला एवढं पुष्कळ झालं. तुमच्या हेडफोनच्या ओहमला स्वच्छ 1 वॅट देणारा अँप घ्या, हवा तर 2 चा घ्या, आणि दुकानातून बाहेर पडा. आवाजाची पातळी सारखी करून मगच दोन अँपची तुलना करा. नाहीतर जो मोठा वाजतो तोच गोड वाटतो. आणि घरी आल्यावर लक्षात ठेवा: 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास, ही मोठ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. एचई-6 ला तेवढ्यासाठी अर्धा मिलिवॅटही लागत नाही. वॅट राखीव ठेवता येतात, कान येत नाहीत.